नंदमूरी तारक रामाराव : रुपेरी पडद्यापासून सचिवालयापर्यंत

दि. ९ जानेवारी १९८३ रोजी आंध्र प्रदेशाच्या नव्या मुख्यमंत्र्यांचा शपथविधी राजभवनाच्या दिवाणखान्यात न होता हैदराबादच्या लाल बहादूर स्टेडियमवर झाला. जुने हैदराबादकर ज्याला अद्यापि फतेह मैदान म्हणतात तेच हे ठिकाण. राज्याची स्थापना १९५६ साली झाली तेव्हापासून सत्ता काँग्रेस पक्षाकडे अखंड होती. ती मोडून काढणारा पक्ष जेमतेम नऊ महिन्यांचा होता, आणि त्या पक्षाचा नेता साठीकडे झुकलेला, तीन दशके तोंडाला रंग लावून उभा राहिलेला एक नट होता. नंदमूरी तारक रामाराव हे त्याचे नाव. तेलुगु जनता त्यांना एन. टी. आर. किंवा नुसतेच 'अण्णा' म्हणत असे.

या घटनेचा अन्वयार्थ त्या काळी मोठ्या झटपट लावला गेला. दिल्ली-मुंबईच्या वृत्तपत्रांतून वाचावयास मिळे ते असे की, भोळ्याभाबड्या तेलुगु खेडुतांनी राम आणि कृष्ण यांनाच मते दिली. हे स्पष्टीकरण सोपे आहे, आणि म्हणूनच ते टिकले. परंतु त्यात एक अडचण आहे. रामारावांनी पडद्यावर कृष्ण रंगविला तो १९५७ च्या 'मायाबाजार'पासून लोकांच्या मनात ठसला होता. राम १९६३ च्या 'लवकुश'पासून. या वीस-पंचवीस वर्षांत तीच जनता काँग्रेसला नियमितपणे निवडून देत होती. पुढे १९८९ साली याच देवाला महबूबनगर जिल्ह्यातील कलवकुर्ती मतदारसंघात पराभव पत्करावा लागला. देव १९८३ मध्ये निवडून आला असेल, तर १९८९ मध्ये तो पडला कसा, याचे उत्तर त्या स्पष्टीकरणापाशी नाही. तेव्हा या माणसाचे चरित्र जरा जवळून पाहिले पाहिजे.

रामारावांचा जन्म २८ मे १९२३ रोजी कृष्णा जिल्ह्यातील निम्मकुरू या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. शिक्षणासाठी ते विजयवाड्यास आले. घरची स्थिती बेताचीच असल्याने तेथील खाणावळींना आणि हॉटेलांना दुधाचा रतीब घालण्याचे कामही त्यांनी केले. विजयवाड्याच्या महाविद्यालयात त्यांना तेलुगु शिकविण्यास होते विश्वनाथ सत्यनारायण, म्हणजे तेलुगु साहित्यातले पुढील काळातले पहिले ज्ञानपीठ विजेते. त्यांच्या 'वेयि पडगलु' या कादंबरीचा 'सहस्रफण' हा हिंदी अनुवाद पी. व्ही. नरसिंह राव यांनी केला, हे अनेक वाचकांना ठाऊक असेल. या गुरूंनी एका नाटकात रामारावांना नागम्मा नावाच्या स्त्रीची भूमिका दिली. शिष्याने भूमिका स्वीकारली, पण नुकत्याच फुटलेल्या मिशा उतरविण्यास साफ नकार दिला. रंगमंचावर मिशाळ नागम्मा अवतरली आणि तेच टोपणनाव काही काळ त्यांच्या मागे लागले. हट्ट धरावा आणि हट्टापायी होणारे हसे निमूटपणे सोसावे, हा स्वभाव तेव्हाचाच.

गुंटूरच्या आंध्र ख्रिश्चन कॉलेजातून ते पदवीधर झाले. १९४७ साली प्रत्तिपाडू येथे सब-रजिस्ट्रारची सरकारी नोकरी मिळाली. ती त्यांनी तीन आठवड्यांतच सोडून मद्रासची वाट धरली. त्या काळी तेलुगु चित्रपटांचे माहेरघर मद्रास हेच होते. १९४९ च्या 'मन देशम्' या चित्रपटात त्यांना पोलीस अधिकाऱ्याची छोटी भूमिका मिळाली. दिग्दर्शक होते एल. व्ही. प्रसाद. हे प्रसाद स्वतः मुंबईच्या स्टुडिओंत वाढलेले. 'आलम आरा'त त्यांनी लहानसे काम केलेले. तेलुगु चित्रसृष्टीच्या पायात मुंबईचा चिरा असा अनेक ठिकाणी सापडतो.

नाटकाच्या बाबतीत तर हा ऋणानुबंध आणखी जुना आहे. १८८० च्या सुमारास धारवाडकडील नाटक मंडळ्या आंध्रात दौरे करू लागल्या आणि त्यांच्या खेळांनी तेलुगु रंगभूमीला चालना मिळाली. कडपा जिल्ह्यातील सुरभी गावी १८८५ साली 'कीचकवध'चा प्रयोग करून जी नाटकमंडळी उभी राहिली, तिची घराणी मूळची 'आरे' मराठी बोलणारी; बाहुल्यांचे छायाखेळ करीत दक्षिणेत आलेली. पौराणिक नाटकांत ट्रिकसीनच्या करामती आणि पद्यांची उंच तान ऐकावयास प्रेक्षक रात्रभर बसत. आपल्याकडे अण्णासाहेब किर्लोस्करांपासून बालगंधर्वांपर्यंत जे घडले त्याचा हा सख्खा भाऊबंद म्हणावा. फरक एवढाच की, मराठी पौराणिक बोलपट 'प्रभात'च्या सुवर्णकाळानंतर मागे पडला. तेलुगु पौराणिक बोलपटाचे खरे वैभव मात्र १९५० नंतर सुरू झाले. रामाराव नेमके त्या वेळी तेथे पोचले.

'पाताळ भैरवी' (१९५१) या चित्रपटाने त्यांना नायक केले. सहा वर्षांनी आला 'मायाबाजार'. कथा आपल्या ओळखीचीच : बलरामाची कन्या, अभिमन्यू, आणि घटोत्कचाची माया. बाबूराव पेंटरांनी १९२१ मध्ये 'सुरेखाहरण' हा मूकपट याच कथेवर काढला होता. के. व्ही. रेड्डी यांच्या या बोलपटात एस. व्ही. रंगारावांचा घटोत्कच, सावित्रीची शशिरेखा, मार्कस बार्टली यांचे छायाचित्रण, असा सगळाच योग जुळून आला. रामारावांच्या वाट्याला कृष्ण होता. हा कृष्ण फार बोलत नाही. ओठांच्या कोपऱ्यात हसू ठेवून तो सारे घडवून आणतो. तेव्हापासून तेलुगु घरांतल्या दिनदर्शिकांवर कृष्णाचा चेहरा म्हणून रामारावांचाच चेहरा छापला जाऊ लागला. १९६० च्या 'श्री वेंकटेश्वर माहात्म्यम्'नंतर तिरुपतीचे यात्रेकरू परतीच्या वाटेवर मद्रासला रामारावांच्या दाराशी दर्शनाला येऊन उभे राहत. ही हकीकत बहुतेक सर्व चरित्रकारांनी दिली आहे.

येथवर आले की देवत्वाचा सिद्धांत पक्का झाला असे वाटते. पण रामारावांनी स्वतः दिग्दर्शक होऊन जे चित्रपट काढले त्यांकडे पाहिले तर चित्र बदलते. दिग्दर्शनाचा पहिलाच प्रयत्न म्हणजे 'सीताराम कल्याणम्' (१९६१). त्यात ते राम नव्हते, रावण होते. वीणा वाजविणारा, शिवभक्त, मानी रावण. 'श्रीकृष्ण पांडवीयम्' (१९६६) मध्ये कृष्णाबरोबर दुर्योधनही त्यांनीच उभा केला. 'दानवीर शूर कर्ण' (१९७७) हा चार तासांहून लांब चित्रपट. त्यात कृष्ण, दुर्योधन आणि कर्ण या तिन्ही भूमिका त्यांच्या, दिग्दर्शनही त्यांचेच. त्या चित्रपटातून लोकांनी पाठ केली ती दुर्योधनाची भाषणे. कुळावरून कर्णाला हिणविले जाते तेव्हा भरसभेत उठून कुळाचा हिशेब मागणारा दुर्योधन! मराठी वाचकाने 'मृत्युंजय' वाचलेले असल्याने त्याला या दृष्टीचे नवल वाटणार नाही. ज्यांचा अपमान झाला आणि ज्यांनी तो गिळला नाही अशा पात्रांकडे रामारावांचा ओढा होता, हे मात्र ध्यानी ठेवले पाहिजे. देवाच्या भूमिका त्यांना निर्मात्यांनी दिल्या. या त्यांनी स्वतः निवडल्या.

सत्तरीच्या दशकाअखेर पौराणिकाचा बहर ओसरला. 'अडवि रामुडु' (१९७७) पासून त्यांचा नायक रंगीबेरंगी पोशाखात नातीच्या वयाच्या नायिकांबरोबर नाचू लागला. रसिकांनी त्याबद्दल नाके मुरडली आणि चित्रगृहे भरली. त्यानंतर 'सरदार पापारायुडु' (१९८०), 'जस्टिस चौधरी' आणि 'बोब्बिली पुली' (दोन्ही १९८२) आले. 'बोब्बिली पुली'तील सैन्याधिकारी भ्रष्ट व्यवस्थेविरुद्ध शस्त्र उचलतो आणि न्यायालयात उभा राहून व्यवस्थेलाच आरोपी करतो. हा चित्रपट लागला तेव्हा पक्षाची स्थापना होऊन गेली होती. म्हणजे १९८३ च्या मतदाराने शेवटी पाहिलेला रामाराव बासरीवाला नव्हता. तो न्यायासनासमोर गरजणारा होता.

पडद्याबाहेरचा एक संबंधही विसरून चालणार नाही. १९५२ साली रायलसीमेत दुष्काळ पडला तेव्हा, म्हणजे नायक होऊन अवघे वर्ष लोटले असता, रामाराव मदतनिधीसाठी गावोगाव हिंडले. नोव्हेंबर १९७७ च्या चक्रीवादळाने दिवी परिसर उद्ध्वस्त झाला तेव्हाही त्यांनी रस्त्यावर उतरून झोळी फिरविली. मत मागण्यापूर्वी कित्येक वर्षे हा माणूस लोकांपुढे हात पसरून उभा राहिलेला होता.

आता राजकारणाची बाजू. १९७८ ते १९८३ या पाच वर्षांत आंध्र प्रदेशाला चेन्ना रेड्डी, अंजय्या, भवनम् वेंकटराम आणि विजय भास्कर रेड्डी असे चार मुख्यमंत्री लाभले. कोणाला बसवावयाचे, कोणाला उठवावयाचे, हे दिल्लीत ठरे. फेब्रुवारी १९८२ मध्ये बेगमपेठ विमानतळावर अंजय्या यांनी राजीव गांधींच्या स्वागताचा थाट मांडला होता. तो थाट पाहून राजीव गांधी संतापले आणि चारचौघांत मुख्यमंत्र्यांची कानउघाडणी झाली. अंजय्या हे कामगार चळवळीतून वर आलेले, साधे गृहस्थ. त्यांच्याविषयी फारशी आस्था नसलेल्या माणसालाही ती गोष्ट लागली. त्याच महिन्यात त्यांचे पद गेले. २९ मार्च १९८२ रोजी रामारावांनी हैदराबादेत 'तेलुगु देशम्' पक्षाची घोषणा केली, तेव्हा त्यांच्यापाशी सिद्धान्त नव्हता, संघटना नव्हती. 'तेलुगु जनतेचा आत्मगौरव' हे दोन-तीन शब्द होते. पण बेगमपेठची आठवण ताजी असता तेवढे पुरेसे होते. शेजारच्या तामिळनाडूत एम. जी. रामचंद्रन यांच्यामागे द्रविड चळवळीची दोन-अडीच दशकांची तालीम होती. रामाराव तालमीवाचूनच रंगमंचावर गेले.

जुन्या शेव्हरोले गाडीची डागडुजी करून 'चैतन्य रथम्' सिद्ध करण्यात आला. पुत्र हरिकृष्ण सारथी. खाकी पोशाखातले रामाराव टपावर चढून बोलत, रात्री गाडीतच झोपत, सकाळी रस्त्याकडेच्या विहिरीवर अंघोळ करीत. त्यांची भाषा सभेची नव्हती, पौराणिक नाटकाची होती. संस्कृतप्रचुर, लयबद्ध, लांब श्वासाची. शिकलेल्यांना ती कृत्रिम वाटे. पण इंग्रजीमिश्रित राजकीय तेलुगूला कंटाळलेल्या खेड्याला, आपल्या बोलीला राजवस्त्रे चढविली गेल्याचा आनंद होत असे. स्त्रियांना उद्देशून ते 'आडपडुचु' हा शब्द वापरीत. मराठीत याला नेमका प्रतिशब्द नाही. घरची लेक, सासरी गेलेली पण माहेरावर हक्क असलेली, सणाला जिची ओटी भरावयाची ती. माहेरवाशीण म्हटले तर बरेचसे जवळ जाते. 'माता-भगिनींनो' या सरकारी संबोधनापुढे हा शब्द ऐकणाऱ्या बाईला काय वाटले असेल, याची कल्पना करता येते. या एका शब्दाने किती मते मिळविली याची मोजदाद कोणी केलेली नाही. त्याचे पुढे काय झाले ते मात्र राजपत्रात नोंदलेले आहे.

सत्तेवर येताच दोन रुपये किलो तांदळाची योजना सुरू झाली. निवडणुकीच्या तोंडावर काँग्रेस सरकारने १ रुपया ९० पैशांचा तांदूळ पुढे करून पाहिला होता. दहा पैशांची ती स्वस्ताई लोकांनी मनावर घेतली नाही. अर्थतज्ज्ञांनी योजनेला खिरापत म्हटले; पुढील काळात बहुतेक सर्व पक्षांनी आणि राज्यांनी तिचे अनुकरण केले. याच पहिल्या वर्षी सरकारी नोकरांचे निवृत्तीचे वय ५८ वरून ५५ वर आणण्याचा हुकूम निघाला. एका फटक्यात हजारो माणसे घरी बसली, संप झाले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि १९८४ मध्ये वय पुन्हा ५८ वर न्यावे लागले. दोन्ही निर्णय एकाच पद्धतीचे होते. रात्री विचार आला, सकाळी हुकूम. एकदा ते साधले, एकदा फसले.

सर्वांत खोल नांगर लागला तो खेड्यातील वतनदारीत. आंध्र भागात करणम आणि मुन्सब, तर तेलंगणात पटेल-पटवारी, ही पदे पिढीजात चालत आलेली होती. जमिनीचा कागद ज्याच्या हाती, गाव त्याच्या मुठीत. निजामी राजवटीत मराठवाडाही याच पद्धतीखाली होता, त्यामुळे हैदराबादच्या मराठी माणसाला ती समजावून सांगण्याची गरज नाही. महाराष्ट्रात पाटीलकीचा निकाल १९६२ च्या कायद्याने लागला आणि गावदप्तर तलाठ्याकडे गेले. आंध्रात ते व्हावयास १९८४ उजाडले. वतने गेली, त्यांच्या जागी सरकारी नोकर नेमण्याचे काम बरीच वर्षे रेंगाळले, आणि त्या मधल्या काळात जमिनीच्या नोंदींचा घोळ झाला हेही खरे. पाठोपाठ १९८५ मध्ये जुने तालुके आणि पंचायत समित्या मोडून अकराशेहून अधिक 'मंडले' करण्यात आली. तहसीलदार, दवाखाना, न्यायालय यांसाठी ज्या खेडुताला दिवसभराची मजुरी बुडवून तालुक्याला जावे लागे, त्याला ते हाकेच्या अंतरावर आणून देणे, हा हेतू होता. आदिलाबादकडील मराठी बोलणाऱ्या गावांचाही कारभार या मंडलांतूनच चालू लागला.

आणि तो 'आडपडुचु' शब्द. आंध्र प्रदेशाने १९८६ मध्ये हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाप्रमाणे जन्मतः सहदायाद म्हणून हक्क दिला. अंमल ५ सप्टेंबर १९८५ पासून धरला. केरळने १९७५ मध्ये एकत्र कुटुंबपद्धतीच कायद्याने संपविली होती, ती वाट निराळी. पद्धत ठेवून तीत मुलीला बसविणारे आंध्र हे पहिले राज्य. तामिळनाडूने १९८९ मध्ये, कर्नाटक आणि महाराष्ट्राने १९९४ मध्ये तोच मार्ग धरला. सर्व देशासाठी तो कायदा व्हावयास २००५ साल उजाडावे लागले. स्त्री-सुधारणेचा वारसा सांगणाऱ्या महाराष्ट्राने या बाबतीत एका सिनेनटाच्या मागून आठ वर्षांनी पाऊल टाकावे, ही गोष्ट मराठी माणसाने मनाशी नोंदविण्यासारखी आहे. कायद्यात एक उणीव होती आणि ती मोठी होती : अंमलापूर्वी ज्यांची लग्ने झाली होती त्या मुली हक्कातून वगळल्या गेल्या. रथाच्या टपावरून जिला साद घातली ती सासरी गेलेली लेक नेमकी बाहेर राहिली. महाराष्ट्राच्या कायद्यानेही ही अट तशीच उचलली.

याच कारकीर्दीत तिरुपतीला महिला विद्यापीठ निघाले, तेलुगु विद्यापीठ स्थापन झाले, हुसेनसागराच्या बांधावर तेलुगु विभूतींचे पुतळे उभे राहिले. चेन्नईला कृष्णेचे पाणी नेणाऱ्या 'तेलुगु गंगा' योजनेने १९८३ मध्ये आकार घेतला. त्या पाण्यात महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र यांनी प्रत्येकी पाच अब्ज घनफूट वाटा सोडावयाचा होता. महाबळेश्वरी उगम पावलेल्या नदीचे पाणी १९९६ मध्ये तामिळनाडूच्या सीमेवर पोचले, तेव्हा रामाराव हयात नव्हते.

ऑगस्ट १९८४ मध्ये जे घडले त्याने त्यांना प्रांताबाहेरचे नाव दिले. हृदयशस्त्रक्रियेसाठी ते अमेरिकेस गेले असता त्यांचेच सहकारी नादेंडला भास्कर राव यांनी बहुमताचा दावा केला, आणि राज्यपाल रामलाल यांनी १६ ऑगस्ट रोजी, रामाराव परत आलेले असताना, विधानसभेत शक्तिपरीक्षा न घेताच त्यांचे सरकार बडतर्फ केले. शस्त्रक्रियेची जखम ओली असलेला हा माणूस चाकांच्या खुर्चीतून आपले आमदार घेऊन दिल्लीस राष्ट्रपती झैलसिंगांपुढे गेला. फूट पडू नये म्हणून आमदारांना प्रथम त्यांच्या नाचारम येथील स्टुडिओत, मग रामकृष्ण हेगडे यांच्या कर्नाटकात नेऊन ठेवण्यात आले. डावे, उजवे, मधले असे सारे विरोधी पक्ष रस्त्यावर आले. रामलाल गेले, शंकर दयाळ शर्मा आले, आणि १६ सप्टेंबर रोजी रामाराव पुन्हा मुख्यमंत्री झाले. लोकमताने राज्यपालाचा निर्णय महिन्याभरात फिरविल्याचे दुसरे उदाहरण सहजी आठवत नाही. आमदारांना जथ्याने पाहुणचारास नेण्याची जी चाल पुढे देशभर रूढ झाली तिचाही एक गाजलेला आरंभ याच लढ्यात सापडतो, आणि तो लोकशाहीच्या रक्षणासाठी होता, हे लिहिताना जरा अवघडल्यासारखे होते.

इंदिरा गांधींच्या हत्येनंतर डिसेंबर १९८४ मध्ये लोकसभेच्या निवडणुकीत सहानुभूतीची लाट देशभर उसळली. आंध्राच्या ४२ पैकी ३० जागा मात्र तेलुगु देशम्‌ने जिंकल्या आणि एक प्रादेशिक पक्ष लोकसभेतला सर्वांत मोठा विरोधी पक्ष ठरला. त्या निवडणुकीत हनमकोंड्यात भाजपच्या जंगा रेड्डींकडून हरलेले नरसिंह राव विदर्भातल्या रामटेकने निवडून दिले म्हणून संसदेत राहिले. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' तेलुगूत नेणाऱ्या या पंडिताला मराठी मतदाराने दिलेला तो आसरा होता. १९९१ मध्ये तेच पंतप्रधान झाले. नंद्यालच्या पोटनिवडणुकीत त्यांच्याविरुद्ध रामारावांनी उमेदवार दिला नाही. काँग्रेसशी जन्माचे वैर मांडलेल्या नेत्याने, एक तेलुगु माणूस त्या पदावर बसला म्हणून, शस्त्र खाली ठेवले. 'आत्मगौरव' हा शब्द त्यांच्यापुरता तरी केवळ घोषणेचा नव्हता, याचा यापेक्षा चांगला पुरावा मिळणे कठीण.

मार्च १९८५ ची विधानसभा २०२ जागांनी जिंकल्यावर मात्र उतार लागला. चित्रपटात नायक सारे एकटाच करतो : गाणे तोच म्हणतो, मारामारी तोच करतो, निवाडाही तोच देतो. राज्य असे चालत नाही. मंत्र्यांना ते सहकलाकार समजत. फेब्रुवारी १९८९ मध्ये अर्थसंकल्प फुटल्याचे निमित्त झाले आणि त्यांनी सबंध मंत्रिमंडळ एकाच दिवशी काढून टाकले. भगवी वस्त्रे, पहाटेच्या बैठका, यांची टिंगल होऊ लागली. विधान परिषद १९८५ मध्येच बरखास्त झाली होती; म्हणजे टोकणारे आणखी एक सभागृह उरले नव्हते. वर्षाअखेर पक्ष ७४ जागांवर आला आणि कलवकुर्तीचा तो पराभव झाला. राष्ट्रीय आघाडीचे अध्यक्ष म्हणून दिल्लीत बिगर-काँग्रेस सरकार आणण्यास त्यांनी हातभार लावला, आणि नेमके त्या वेळी त्यांच्याच प्रांतातून लोकसभेवर त्यांचे दोन खासदार गेले. हुसेनसागरात उभा करण्यासाठी त्यांनी घडवून घेतलेला एकसंध शिळेचा बुद्ध १० मार्च १९९० रोजी तराफ्यावरून नेताना बुडाला आणि माणसे दगावली. मूर्ती तळाशीच राहिली. १९९२ च्या डिसेंबरात ती वर काढून उभारली गेली, तेव्हा सत्तेवर काँग्रेस होती.

१९९४ चे पुनरागमन आडपडुचुंनीच घडविले असे म्हणावयास हरकत नाही. नेल्लूर जिल्ह्यातील दुबगुंटा गावी साक्षरतेच्या वर्गात बसलेल्या बायांनी १९९२ मध्ये दारूचा गुत्ता बंद पाडला आणि चळवळ प्रांतभर पेटली. रामारावांनी संपूर्ण दारूबंदीचे वचन दिले. २९४ पैकी २१६ जागा मिळाल्या. जानेवारी १९९५ पासून दारूबंदी लागू झाली. ती दोन वर्षेच टिकली. महसुलाच्या ओढाताणीपायी १९९७ मध्ये उठविली गेली.

त्याआधीच नाटकाचा शेवट झाला होता. पत्नी बसवतारकम् यांचे १९८५ मध्ये कर्करोगाने निधन झाले होते. १९९३ मध्ये सत्तरीत त्यांनी लक्ष्मी पार्वती यांच्याशी विवाह केला. पक्षात आणि घरात, आणि त्या पक्षात घर व पक्ष हे दोन नव्हतेच, वादळ उठले. ऑगस्ट १९९५ मध्ये जावई चंद्राबाबू नायडू यांच्यामागे बहुसंख्य आमदार गेले आणि हुसेनसागराजवळच्या व्हाइसरॉय हॉटेलात एकत्र राहिले. अकरा वर्षांपूर्वी नाचारमला जे रामारावांसाठी झाले तेच आता त्यांच्याविरुद्ध होत होते. ते आपला चैतन्य रथ घेऊन हॉटेलासमोर गेले तेव्हा त्यांच्यावर चपला भिरकावल्या गेल्या. १ सप्टेंबर रोजी नवे सरकार आले. रामारावांनी एक ध्वनिफीत काढली. जावयाला दहावा ग्रह म्हणणारे जे संस्कृत वचन आपल्याकडेही लग्नघरात चेष्टेने म्हटले जाते, तेच तिचे शीर्षक होते. त्यांनी ते चेष्टेने घेतले नव्हते. १८ जानेवारी १९९६ रोजी पहाटे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. हुसेनसागराकाठी त्यांची समाधी आहे.

मागे राहिलेल्या गोष्टींचे दैव वेगवेगळे. बांधावरच्या तेलुगु विभूतींपैकी कित्येकांचे पुतळे मार्च २०११ मध्ये स्वतंत्र तेलंगणाच्या आंदोलकांनी फोडले. एकच तेलुगु अस्मिता आहे हे त्यांना मान्य नव्हते. २ जून २०१४ रोजी राज्य दुभंगले. २०२२ मध्ये आंध्रात जिल्ह्यांची फेररचना झाली, तेव्हा विजयवाड्याच्या जिल्ह्याला एन. टी. आर. यांचे नाव मिळाले आणि त्यांचे जन्मगाव निम्मकुरू शेजारच्या कृष्णा जिल्ह्यातच राहिले. जन्मशताब्दीनिमित्त २०२३ मध्ये केंद्र सरकारने शंभर रुपयांचे नाणे काढले. तेलंगणाने २०१६ मध्ये आपल्या दहा जिल्ह्यांचे एकतीस जिल्हे केले. मंडले मात्र मोडली नाहीत. उलट त्यांची संख्या वाढविली.